'पो नो इचिझोकु' कोणत्या क्रमाने वाचावं, आणि त्यात भीती नेमकी कुठे आहे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही जपानी शिकताय, एन फोर, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची खालून दुसरी पातळी, झाली आहे. जुंजी इतो यांचं 'तोमिए' हे भयकथेचं मांगा (जपानी चित्रकथा) वाचून दोन रात्री झोप लागली नव्हती, म्हणून मुलींसाठी लिहिलेल्या भयकथांमध्ये आणखी काय आहे ते शोधत होतात. कुणीतरी मोतो हागिओ या मांगा-लेखिकेची 'पो नो इचिझोकु' ही मालिका सुचवली. तिच्यातल्या, मासिकात सर्वांत आधी आलेल्या तीन गोष्टी तुम्ही वाचल्यात आणि आता विचारताय: यात घाबरण्यासारखं काय आहे? काळ सारखा मागेपुढे का होतो? सगळ्या गोष्टी सालाप्रमाणे लावून घेतल्या तर सोपं जाईल का?

मी पुण्यात २२ वर्षं जपानी शिकवते आणि अनुवाद करते. शनिवारी संध्याकाळी मांगा वाचायचा एक छोटा वर्ग असतो, त्यात ही मालिका मी आतापर्यंत चार तुकड्यांबरोबर वाचली आहे. चारही वेळा तिसऱ्या-चौथ्या शनिवारी कुणी ना कुणी अगदी हेच विचारलं. त्यामुळे तुमचं काही चुकतंय असं मनात आणू नका.

माझ्या मते तुमचे तीन प्रश्न मिळून एकच प्रश्न आहे. भीती कुठे आहे हे एकदा हाताला लागलं की काळ मागेपुढे का जातो ते कळतं, आणि ते कळलं की क्रम तुमचा तुम्हीच ठरवाल. म्हणून क्रमाचं उत्तर जरा खाली देते.

आधी एक कबुली. ही मालिका कुणाला किती भिडेल हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. वाचणारीचं वय, जपानी वाचताना लागणारा वेळ, हातात कोणती आवृत्ती आहे, आणि मुळात तुम्ही कशाला घाबरता. ज्यांना अंगावर येणारी चित्रं म्हणजेच भयकथा वाटते, त्यांना ही मालिका शेवटपर्यंत थंडच वाटू शकते. माझ्या वर्गातल्या दोघा-तिघांना तशी वाटली, आणि ते प्रामाणिक वाचक होते.

आता 'तोमिए'कडून इकडे येऊ, कारण तुमची अपेक्षा तिथे तयार झाली आहे. 'शोजो' हा शिक्का जपानमध्ये गोष्टीच्या प्रकारापेक्षा मासिकावर जास्त बसतो. मुलींच्या मासिकात छापलं ते शोजो. 'तोमिए' १९८७ साली 'हॅलोविन' नावाच्या मासिकात सुरू झालं, आणि ते मासिक मुलींसाठी काढलेलं भयकथांचं मासिक होतं. म्हणजे तुम्ही ज्याला घाबरलात तेही शोजोच. त्याच्याही वीस वर्षं आधी, साठच्या दशकात, काझुओ उमेझु मुलींच्या साप्ताहिकात अशा गोष्टी काढत होते ज्यांत घरातली आईच साप निघते. जपानी मुलींना भयकथा नवीन नव्हती. पण त्या परंपरेत भीती बाहेरून चालून येते, किंवा जवळच्या माणसाचा चेहरा बदलतो आणि आतून दुसरंच काही निघतं. वाचणारी मुलगी दाराच्या अलीकडे असते, भयंकर ते पलीकडे.

हागिओंनी ती मुलगी उचलून दाराच्या पलीकडे नेऊन ठेवली. त्यांचा जन्म १९४९चा, फुकुओकातल्या ओमुता गावचा. १९६९ साली त्यांची पहिली गोष्ट छापून आली आणि १९७२च्या मार्चमध्ये 'बेस्सात्सु शोजो कॉमिक' या मासिकात या मालिकेतली पहिली छोटी गोष्ट आली. तेव्हा त्या जेमतेम २२ वर्षांच्या होत्या. नायक एडगर नावाचा मुलगा. अठराव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये तो आणि त्याची धाकटी बहीण मेरीबेल जंगलात टाकून दिलेली सापडतात, वाढवणारी माणसं वेगळीच असतात, आणि चौदाव्या वर्षी एडगरला त्यांच्यातला एक करून घेतलं जातं. त्याची इच्छा विचारात न घेता. त्यानंतर तो कायम चौदा वर्षांचा. या लोकांना मालिकेत 'व्हॅम्पानेला' म्हणतात. हा शब्द हागिओंचा. 'व्हॅम्पायर' म्हटलं की डोळ्यांपुढे जे सगळं येतं, ते पुसून टाकायला तो फार उपयोगी पडतो. ते उन्हात फिरतात, माणसांत राहतात, गुलाबांवर जगतात, आणि रक्त लागतं ते टाळता येईल तेवढं टाळतात.

तुम्ही वाचलेली पहिलीच गोष्ट पुन्हा डोळ्यांपुढे आणा, 'पारदर्शक रुपेरी केस'. चार्ल्स नावाच्या मुलाला शेजारी राहायला आलेली रुपेरी केसांची मुलगी आवडते. ते कुटुंब एक दिवस निघून जातं. तीस वर्षांनी चार्ल्स, आता प्रौढ गृहस्थ, तीच मुलगी पाहतो. तेवढ्याच वयाची. बस, एवढीच गोष्ट. रक्त नाही, किंकाळी नाही, कुणी मरतही नाही.

वर्गात ही गोष्ट वाचताना एक विद्यार्थिनी त्या तीस वर्षांपाशी आली आणि थबकली. तिने पान मागे उलटलं, मग पुढे, मग पुस्तकाचा कणा जरा ताणून पाहिला. मधलं एखादं पान छापायचं राहिलं की काय, अशी तिला शंका आली. मग तिने दोन्ही पानांवरचे आकडे बोटाने तपासले आणि म्हणाली, "सेन्सेई, मध्ये काहीच नाहीये." मी म्हटलं, "हो. त्या 'काहीच नाही'त चार्ल्सचं तारुण्य गेलं." ती बराच वेळ बोलली नाही. त्या दिवशी मी पुढची गोष्ट घेतली नाही.

भीती आहे ती इथे. दोन चौकटींच्या मध्ये जी पांढरी पट्टी असते, तिच्यात एका माणसाचं आयुष्य निघून जातं आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावर रेघही उमटत नाही. आपण चार्ल्सच्या बाजूने वाचलं तर ते गूढ आहे. मेरीबेलच्या बाजूने वाचलं तर थरकाप होतो, कारण तिच्या नजरेसमोर सगळे जण असेच भरभर म्हातारे होत जातात. पहिल्या गोष्टीत हागिओ आपल्याला चार्ल्सजवळ उभं करतात. पुढच्या गोष्टींमध्ये हळूहळू पलीकडे घेऊन जातात. मालिका जसजशी पुढे जाते, तसतसं राक्षस कोण आणि माणूस कोण हे विसरून आपण एडगरच्या डोळ्यांनी माणसांकडे बघायला लागतो. आपल्याला माणसं क्षणिक वाटायला लागतात! हे मला स्वतःच्या बाबतीत पहिल्यांदा जाणवलं तेव्हा मी पुस्तक मिटून आईला फोन केला होता.

तिसरी गोष्ट, ग्लेनस्मिथच्या रोजनिशीची, हेच आणखी घट्ट करते. जंगलात वाट चुकून पो लोकांच्या, म्हणजे याच व्हॅम्पानेलांच्या, गावात गेलेला माणूस रोजनिशी लिहून ठेवतो. तो १८९९ साली वारतो, रोजनिशी मुलीच्या हाती येते, मुलगी जर्मनीत जाते, युद्धं येतात आणि जातात, घरातली माणसं कमी होतात, नवी जन्मतात, आणि रोजनिशी हातातून हातात जात राहते. मोजक्या पानांत साठ वर्षं. तुम्ही लिहिलंय की ही गोष्ट "सारांशासारखी" वाटली. बरोबर आहे, वेग तसाच आहे. पण तो वेग कुणाचा, हे स्वतःला विचारून बघा. न मरणाऱ्याला माणसांचा इतिहास असाच दिसणार. त्या गोष्टीत एडगर जवळजवळ नाहीच, तरी सगळी गोष्ट त्याच्या घड्याळावर चालते.

आपण दिवाळी अंकांतल्या गूढकथा वाचत वाढलेलो असतो. तिथे शेवटच्या परिच्छेदात धक्का असतो, आणि तो चांगल्या हाताने दिलेला असला तर मजा येते. ती सवय इथे आड येते. शेवटच्या पानावर धक्का मिळेल म्हणून आपण मधली पानं घाईने उलटतो, शेवटी धक्का नसतो, आणि वाटतं, "हे काय?" धक्का पाचव्या पानावर शांतपणे होऊन गेलेला असतो.

एक गोष्ट अगदी जवळून दाखवते. या लोकांना आरशात प्रतिबिंब नसतं, श्वास नसतो, नाडी नसते. हे आपल्याला परिचित आहे. हागिओंच्या इथे फरक असा की त्यांना ते सगळं प्रयत्नाने आणता येतं. आरशासमोर उभं राहताना प्रतिबिंब दिसेल याची काळजी घ्यायची, चारचौघांत श्वास घेतोय असं दाखवायचं, कुणी मनगट धरलं तर नाडी लागली पाहिजे. एक क्षण लक्ष चुकलं की आरसा रिकामा. आता ही गोष्ट कोण वाचत होतं ते आठवा. १९७२मधल्या बारा ते पंधरा वर्षांच्या मुली. शरीर रोज बदलतंय, सगळे आपल्याकडे बघताहेत, आपण 'नीट' दिसतोय ना, 'नीट' वागतोय ना, याचा सतत हिशेब चालू. एडगर त्याच वयावर अडकला आहे आणि तोच हिशेब त्याला दोनशे वर्षं करावा लागतो. त्या वयातली मुलगी हे वाचताना दचकते ते रक्तपिपासूला पाहून नाही, ओळख पटल्यामुळे. आणि नायक मुलगा असल्यामुळे तिला ते जरा अंतर राखून बघता येतं. मुलगी नायिका असती तर तिच्या लग्नाचं, रूपाचं, आज्ञाधारकपणाचं ओझं कथेत आपोआप आलं असतं, असं मला वाटतं.

या लोकांचा एक नियम आहे, लहान मुलांना आपल्यात घ्यायचं नाही. कारण न सांगताही कळतं. मोठा माणूस कुठेही वीस वर्षं राहू शकतो, मूल दोन-तीन वर्षांतच लोकांच्या डोळ्यांत येतं. शेजारणी विचारायला लागतात, हा वाढत कसा नाही? म्हणून मुक्काम सतत हलवावा लागतो. एडगर हा त्या नियमाचा भंग आहे आणि सगळी मालिका त्या एका भंगाची शिक्षा भोगते.

आता क्रम. घटनांच्या सालाप्रमाणे लावून वाचू नका, निदान पहिल्यांदा तरी नको. मासिकात ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने वाचा. कारण सांगते. तुमच्यापुढची गोष्ट आहे ती मालिकेच्याच नावाची दीर्घ गोष्ट, १९७२च्या सप्टेंबर ते डिसेंबर अंकांत आलेली. एडगर आणि मेरीबेल ज्यांच्यात राहतात ते पोर्ट्सनेल हे सरदार घराणं समुद्राकाठच्या एका गावात येतं, एडगरची ॲलन नावाच्या श्रीमंत, एकट्या मुलाशी गाठ पडते, गावातल्या डॉक्टरला संशय येतो. या गोष्टीत एडगर फार मोठं काहीतरी गमावतो. आणि त्यानंतर लगेच, १९७३च्या सुरुवातीला, हागिओ मागे जातात आणि एडगर-मेरीबेलचं बालपण सांगतात. आपल्याला आधी नुकसान दाखवलं आणि मग ते प्रेम कुठून आलं ते दाखवलं. जंगलातल्या त्या दोन पोरांचा हात हातात असलेला पाहताना पुढचं सगळं आपल्याला ठाऊक असतं, त्यांना नसतं. ही पानं सालाप्रमाणे पहिल्यांदा वाचली असती तर ती नुसती गोड वाटली असती.

एका तुकडीबरोबर मी उलटं करून पाहिलं होतं. त्यांनीच आग्रह धरला, सालावळी केली, फळ्यावर रेघ ओढून एकेक गोष्ट तिच्यावर टांगली. वाचणं सोपं झालं, पण चर्चा वठली नाही. सगळे "मग पुढे काय झालं" एवढंच विचारत होते. पुढच्या तुकडीला मी तो तक्ता सगळं वाचून झाल्यावर, शेवटच्या शनिवारी करायला दिला, आणि तेव्हा मात्र दोन तास पुरले नाहीत.

तरी वाचताना आपण कुठल्या काळात आहोत हे कळायला काहीतरी आधार हवा. मी विद्यार्थ्यांना एक साधी खूण सांगते: एडगरबरोबर कोण आहे ते बघा. १८७९ हा उंबरठा धरा. त्याच्या आधीच्या काळात सोबत मेरीबेल असते, नंतरच्या काळात ॲलन. यातून पुढचं थोडं उघड होतं हे खरं, पण या मालिकेची मजा "काय होणार" यावर उभी नाही, त्यामुळे सांगताना मला अपराधी वाटत नाही. दुसरी खूण कपडे आणि वाहनं. घोडागाडी आहे की मोटार, मुलींचे झगे कुठवर आहेत. हागिओंनी ते काळजीने काढलंय. 'पाखरांचं घरटं' या गोष्टीत तुम्ही थेट १९५९ सालच्या जर्मनीतल्या मुलांच्या निवासी शाळेत जाता आणि तिथे तीच दोन मुलं नवीन विद्यार्थी म्हणून दारात उभी असतात. तोपर्यंत तुम्हाला एवढी सवय झालेली असेल की वर्ग तुम्हाला परका वाटेल आणि ही दोघं घरची.

त्याच गोष्टीबद्दल आणखी थोडं, कारण मला ती सगळ्यांत जास्त भिडते. त्या दोघांना एक मुलगा आपल्यासोबत न्यायचा होता. ते येतात तेव्हा तो आधीच गेलेला असतो. ज्यांच्याकडे अमाप वेळ आहे त्यांनाही उशीर होतो. मुलांचे मृत्यू या मालिकेत आहेत, तेव्हा घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या कुणाला द्यायची झाली तर आधी स्वतः वाचा आणि नंतर शेजारी बसा. माझ्या अनुभवात या वयाच्या मुली मोठ्यांपेक्षा लवकर समजतात, पण प्रश्न विचारायला कुणीतरी जवळ हवं.

आता पान कसं वाचायचं. तुमचं जपानी एन फोरचं असेल तर शब्दांपेक्षा पानाची रचना जास्त अडवेल. तुम्ही आतापर्यंत वाचलेल्या बहुतेक मांगांमध्ये चौकट म्हणजे चौकट असते, एकामागून एक. शोजो मांगामध्ये, आणि हागिओंच्या पिढीने ते फार पुढे नेलं, चौकटी एकमेकींवर चढतात, एखादी आकृती कडा ओलांडून अख्ख्या पानभर उभी राहते, फुलं एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात शिरतात. फुग्यात असतं ते बोललेलं. फुग्याबाहेर मोकळं तरंगतं ते मनातलं, किंवा आठवण, किंवा कधी कधी कुणाचंच नसलेलं, काळाचंच म्हणावं असं काही. ही तरंगती वाक्यं कुणाची हे नेहमी पहिल्या वाचनात ठरत नाही. ठरवायची घाई करू नका.

वर्गात आम्ही असं करतो. पहिल्यांदा अख्खं पान न वाचता नुसतं बघायचं, दहा-पंधरा सेकंद. नजर कुठे जाते आणि कुठे थांबते तेवढं लक्षात घ्यायचं. मग फक्त फुगे वाचायचे. मग तिसऱ्यांदा तरंगती वाक्यं. झेरॉक्स असेल तर मनातल्या वाक्यांखाली पेन्सिलने बारीक रेघ मारायची. एका पानाला दहा मिनिटं लागतात आणि सुरुवातीला जीव मेटाकुटीला येतो. दुसऱ्या महिन्यात हात आपोआप थांबतात. फुरिगाना (बाजूला बारीक अक्षरांत छापलेला उच्चार) असल्यामुळे कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, शोधणं जड जात नाही, त्रास देतात ती काताकानातली, म्हणजे परकी नावं लिहायच्या लिपीतली, नावं. 'पोओत्सुनेरु' म्हणजे पोर्ट्सनेल, 'मेरीबेरु' म्हणजे मेरीबेल. एका कागदावर नावांची यादी करून पुस्तकात खूण म्हणून ठेवा, सरदारकीचे शब्दही त्यातच लिहा: 'दान्शाकु' म्हणजे बॅरन, 'हाकुशाकु' म्हणजे अर्ल. आणि नावांकडे जरा नीट बघा. एडगर, ॲलन, आणि कुळाचं नाव पो. अमेरिकन भयकथाकार एडगर ॲलन पो यांचं नाव हागिओंनी दोन मुलांत आणि एका कुळात वाटून टाकलंय. त्यामुळे ती दोघं एकत्र असली की नाव पुरं होतं, वेगळी झाली की अर्धं राहतं.

'इचिझोकु'चं मराठी काय करावं यावर माझं वर्षभर अडलं होतं. वंश म्हणावं तर वंश जन्माने चालतो, इथे कुणी कुणाच्या पोटी येत नाही. कूळ म्हटलं की आपल्याकडे अर्ध्या लोकांना आधी जमीन कसणारं कूळ आठवतं. शेवटी 'घराणं' पाशी थांबले. गाण्याच्या घराण्यात बाहेरचा मुलगा येतो, गुरू त्याला आपलं काही देतो आणि तो घराण्याचा होतो, रक्ताचं नातं नसताना. इथे तर देण्याची वस्तूच रक्त आहे. 'पो घराणं' म्हटल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की आता हे मराठीत उभं राहील.

असाच एक शब्द 'ओइदे'. दीर्घ गोष्टीच्या शेवटाकडे एडगर ॲलनला आपल्याबरोबर बोलावतो. ॲलन त्याच्याबरोबर जातो हे पुस्तकाच्या कुठल्याही वेष्टनावरून कळतं, तेव्हा हे सांगायला हरकत नाही. तिथे तो 'किते' (नेहमीचं 'ये') म्हणत नाही, 'कोइ' असा हुकूमही सोडत नाही. 'ओइदे यो' म्हणतो. लहान मुलाला, मांजराच्या पिल्लाला, जवळच्या माणसाला हात पुढे करून बोलवायचा हा शब्द. मराठीत 'ये ना'. आणि कारण देतो ते एवढंच, एकट्याने फारच एकटं वाटतं. सगळ्या मालिकेतलं सर्वांत भयंकर कृत्य, एका चौदा वर्षांच्या मुलाचं मरण आणि जगणं दोन्ही काढून घेणं, सर्वांत मायेच्या शब्दात घडतं. ते वाचून तुम्हाला ॲलनने जावं असं वाटेल. मलाही वाटलं, प्रत्येक वेळी वाटतं. आपल्याला तसं वाटावं, हीच हागिओंची गॉथिक गोष्ट. धुकं, गुलाब, जुनी घरं हे तिचे कपडे.

पुस्तकांबद्दल थोडं. मूळ मालिका १९७६ साली थांबली. शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेने १९७४ साली पहिला खंड पुस्तकरूपात काढला तेव्हा ३०,००० प्रतींची पहिली आवृत्ती तीन दिवसांत संपली, आणि शोजो मांगा पुस्तक म्हणूनही लोक विकत घेतात हे त्या निमित्ताने प्रकाशकांना दिसलं. पुस्तकांत गोष्टींचा क्रम मासिकाप्रमाणेच असेल असं नाही, म्हणून आधी प्रत्येक गोष्ट मासिकात कधी आली ते पाहा आणि पेन्सिलने क्रमांक घालून घ्या. जपानी फारच जड गेलं तर फँटाग्राफिक्स या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने काढलेले इंग्रजी अनुवादाचे दोन मोठे खंड आहेत, २०१९ आणि २०२२ साली आलेले, अनुवाद रेचल थॉर्न यांचा. तो शेजारी ठेवून मूळ वाचायला काहीच कमीपणा नाही, मी स्वतः वर्गात तसं करते. इंटरनेटवरच्या पुसट स्कॅन प्रतींपासून मात्र लांब राहा. हागिओंची रेघ फार बारीक आहे आणि तरंगती वाक्यं तर आणखी नाजूक, स्कॅनमध्ये नेमकं तेच जातं.

२०१६ साली, चाळीस वर्षांनी, हागिओंनी मालिका पुन्हा सुरू केली. 'वसंताचं स्वप्न' ही गोष्ट १९४४च्या वेल्समध्ये, युद्धाच्या सावलीत घडते. ती आली तो मासिकाचा अंक जपानमध्ये हातोहात संपला. नव्या गोष्टी चांगल्या आहेत, पण आता वाचू नका. रेघ बदलली आहे, एडगरचा चेहरा थोडा वेगळा दिसतो, आणि त्या चाळीस वर्षांच्या खंडाची किंमत जुन्या पाच खंडांतून गेल्याशिवाय कळत नाही. १९७०च्या दशकात हे वाचणाऱ्या मुली २०१६मध्ये पन्नाशी-साठीच्या बायका होत्या. त्यांनी मासिक उघडलं, आणि एडगर होता तसाच, चौदा वर्षांचा, समोर उभा. पहिल्या गोष्टीतल्या चार्ल्सचं जे झालं तेच त्या सगळ्यांचं झालं. हे कुणी मुद्दाम ठरवून करता आलं नसतं.

आता तुमच्यासाठी पुढचं पाऊल. दीर्घ गोष्ट चार भागांची आहे. चारही भाग सलग वाचायचा मोह आवरा. मूळ वाचकांना दोन भागांत एक महिना थांबावं लागायचं, तुम्ही निदान एक रात्र थांबा. तिसरा भाग संपला की 'पारदर्शक रुपेरी केस' पुन्हा काढा आणि ती सोळा पानं या वेळी मेरीबेलकडे बघत वाचा, चार्ल्सकडे नको. मग चौथा भाग. कुठे अडलंत तर गोष्टीचं नाव आणि पानाचा आकडा लिहून कळवा. माझी प्रत हाताशी असते, मी तेच पान उघडून उत्तर देईन.